प्रत्येकाचा काळ वेगळ्या साली बदलतो: मित्रांच्या मनोगतांचे संपादन करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातील एकाच महाविद्यालयातून १९८३ साली बाहेर पडलेले तुम्ही आठ जण, म्हणजे सात मित्र आणि एक मैत्रीण, साठी ओलांडल्यावर एक पुस्तक काढू इच्छिता. संस्कृती, राजकारण, कलानिर्मिती आणि बदललेला काळ यांविषयीची प्रत्येकाची मनोगते त्यात असावीत, अशी कल्पना आहे. सहा लेख हाती आले आहेत, पण ते वाचताना एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटतात. राजकारणावरच्या लेखांमुळे दोघा मित्रांत अबोला आला आहे, आणि मैत्रीण ‘माझ्याकडे लिहिण्यासारखे काय आहे’ असे म्हणून लिहायला तयार नाही. अशा वेळी संपादन कसे करावे, असे तुम्ही विचारले आहे. स्मरणिका, दिवाळी अंक, गौरवग्रंथ आणि शब्दांकने यांच्या संपादनात माझी बत्तीस वर्षे याच गावात गेली आहेत. तुम्ही पाठवलेले सहाही लेख मी दोनदा वाचले आणि त्यानंतरच हे उत्तर लिहायला घेतले आहे.

‘तो काळच वेगळा होता’ हे वाक्य शब्दांच्या थोड्याफार फरकाने सहाही लेखांत आले आहे. यात लिहिणाऱ्यांचा दोष नाही, विषयच तसा दिला गेला होता. ‘बदलत्या काळाविषयी लिहा’ असे सांगितले की माणूस आपले मत लिहितो, आणि एका गावात, एका पिढीत वाढलेल्या माणसांची काळाविषयीची मते बहुतेक सारखीच असतात. वेगळे असते ते प्रत्येकाचे साल. म्हणून माझा सल्ला असा की दिलेला विषय परत घ्यावा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: तुझ्यापुरता काळ कोणत्या साली, कोणत्या जागी आणि कशामुळे बदलला? उत्तर देणाऱ्याला ‘हळूहळू बदलला’ असे म्हणण्याची मुभा देऊ नये. हळूहळू बदललेल्या गोष्टीसुद्धा माणसाच्या लक्षात एका विशिष्ट दिवशीच येतात, आणि तो दिवस त्याला आठवतो.

सोलापुरात या प्रश्नाला आठ जणांकडून आठ निरनिराळी उत्तरे मिळतील, अशी माझी खात्री आहे. येथे १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढच्या कित्येक पिढ्यांसाठी गिरणीचा भोंगा हेच गावाचे घड्याळ होते. स्वयंपाक केव्हा उरकायचा, डबा केव्हा बांधायचा, मुलांना केव्हा उठवायचे, हे पाळीवर ठरत असे. ज्या मित्राचे वडील गिरणीत होते, त्याचा काळ भोंगा वाजायचा थांबला त्या दिवशी बदलला. ते त्याने लिहिलेही आहे, पण एका ओळीत, आणि पुढची तीन पाने ‘औद्योगिक ऱ्हास’ या विषयाला दिली आहेत. मला त्या तीन पानांऐवजी भोंगा न वाजलेली पहिली सकाळ हवी आहे. वडील नेहमीच्या वेळी उठले का, उठून काय केले, आईने डबा केला का, शेजारच्या घरात काय चालले होते, हे त्याच्याशिवाय दुसरे कोणी लिहू शकणार नाही. औद्योगिक ऱ्हासावर लिहिणारे अभ्यासक पुष्कळ आहेत.

पूर्व भागातल्या तुमच्या मित्राच्या घरी यंत्रमाग होते. त्याच्या लेखाचा सूरही हळहळीचाच आहे, परंतु मी त्याला फोनवर विचारले तेव्हा वेगळीच हकीकत निघाली. गिरण्या बंद पडू लागल्यावर तिथले हात त्याच्या वडिलांच्या कारखान्यात आले, माग वाढले, घरावर दुसरा मजला चढला. एका मित्राच्या घरातली चूल मंदावली ती वर्षे दुसऱ्याच्या घरी भरभराटीची होती. त्याचा वाईट काळ नंतर आला, बाहेरगावी विणलेल्या स्वस्त चादरी ‘सोलापुरी’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या तेव्हा. पुढे सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या नावाला कायद्याचे संरक्षण, मिळाले, तेव्हा त्याच्या कारखान्यातले निम्मे माग भंगारात गेले होते. दोघे मित्र बाकावर शेजारी बसत होते आणि चाळीस वर्षांत ही गोष्ट एकमेकांशी बोलले नाहीत. तुमच्या पुस्तकात ही दोन मनोगते समोरासमोरच्या पानांवर यावीत, असे मला मनापासून वाटते.

येथे मला माझ्या हातून झालेली एक चूक सांगावी लागेल, कारण तुम्ही नेमके त्याच वळणावर उभे आहात. सुमारे चौदा वर्षांपूर्वी पाच निवृत्त गिरणी कामगारांच्या आठवणींचे एक छोटे पुस्तक मी संपादित केले. त्यातल्या एकाने लिहिले होते की संप केला नसता तर आम्ही माणूस म्हणून उरलो नसतो. दुसऱ्याने लिहिले होते की त्या संपानेच गिरणीचा घास घेतला आणि पुढाऱ्यांचे काहीच गेले नाही. दोघे एकाच खात्यात, शेजारच्या साच्यांवर, म्हणजे मागांवर, काम केलेले, आणि दोघांची मैत्री संपानंतरही टिकलेली होती. पुस्तकात कटुता नको, म्हणून मी दोघांचेही ते परिच्छेद काढले आणि त्या जागी ‘त्या काळात कामगारांनी फार सोसले’ असे एक वाक्य घातले. प्रकाशनानंतर आठवड्याभराने दोघे मिळून माझ्या घरी आले. संपाचे समर्थन करणारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “आमचं भांडण तुम्ही का मिटवलं? ते आमचं होतं.” पुढच्या वर्षी ते वारले. दुसऱ्या आवृत्तीत त्यांचा मूळ मजकूर परत घ्यावा, म्हणून मी हस्तलिखित शोधू लागलो, तर मुद्रितशोधन झाल्यावर ते रद्दीत गेले होते. तो परिच्छेद आता कुठेही नाही. तेव्हापासून मी मूळ हस्तलिखित आणि ध्वनिमुद्रण कधीही टाकत नाही, आणि दोन मित्रांच्या मतांमधले अंतर संपादकाच्या वाक्याने बुजवत नाही.

तुमच्या दोघा मित्रांच्या अबोल्याकडे या अनुभवातून पाहावे. एकाने लिहिले आहे की पूर्वी राजकारण ध्येयाचे होते आणि आता पैशाचे झाले. दुसरा वीस वर्षे एका पक्षाचा वॉर्डातला कार्यकर्ता होता. त्याला हे वाक्य आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटले आणि त्याने आपल्या लेखाचा निम्मा भाग त्याचे खंडन करण्यात घालवला. खंडनाचा भाग पूर्णपणे काढावा, आणि ज्याचे खंडन केले ते वाक्यही काढावे, कारण दोन्ही ठिकाणी लिहिणारा स्वतः हजर नाही. त्याऐवजी दोघांनी राजकारणात स्वतः केलेली एक कृती लिहावी. कोणासाठी मतदारांच्या चिठ्ठ्या वाटल्या, कोणत्या मोर्चात चालले, कोणती सभा अर्धवट सोडून आले, पहिल्यांदा मत बदलले ते कोणत्या निवडणुकीत आणि घरी ते सांगितले का. तुम्ही सगळे १९६२ च्या आगेमागे जन्मलेले आहात. आणीबाणी लागली तेव्हा तुम्ही आठवीत होता. त्यामुळे आणीबाणीवरची तुमच्या लेखांतली पाने ऐकीव आहेत. अपवाद फक्त त्या मित्राचा, ज्याच्या काकांना अटक झाली आणि ज्याने त्यांच्यासाठी डबा नेला. १९९० च्या मंडल आयोगाच्या वेळी आणि १९९२ च्या डिसेंबरात मात्र तुम्ही तिशीच्या आसपासचे, नोकरी-धंद्याला लागलेले, स्वतःच्या निर्णयाला जबाबदार असलेले लोक होता. आश्चर्य असे की त्या दोन वर्षांविषयी सहापैकी एकाही लेखात एक ओळ नाही. त्या वर्षांत तुमच्या कट्ट्यावर काय बोलले गेले आणि काय बोलायचे टाळले गेले, ते लिहायला अवघड जाईल हे मी जाणतो. पण मैत्री आणि राजकारण यांचा खरा संबंध तिथेच आहे, आणि चाळीस वर्षे टिकलेल्या मैत्रीला तो उलगडून सांगण्याचा अधिकार आहे.

नियम म्हणून एवढे ठरवून घ्या: आपल्याविषयी दुसऱ्याने लिहिलेला मजकूर छापण्यापूर्वी वाचण्याचा आणि तपशिलाची चूक दुरुस्त करण्याचा हक्क प्रत्येकाला राहील, मात्र दुसऱ्याचे मत बदलण्याचा हक्क कोणालाही नसेल. हयात असलेल्या तिसऱ्या व्यक्तीवर आरोप होत असेल तर नाव गाळावे आणि घटना ठेवावी.

संस्कृतीविषयीच्या लेखांत एक वेगळी अडचण आहे. सोलापूरकर आपल्या गावाविषयी लिहू लागला की चार हुतात्म्यांचा परिच्छेद आपोआप येतो. तो यायलाही हवा. १९३० च्या मे महिन्यात या शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली, हे आपल्या मुलांनाही पाठ असले पाहिजे. पण सहा लेखांत तोच परिच्छेद सहा वेळा आला की सहाव्या वेळी वाचक तो वाचत नाही. तुमच्यापैकी एकाच्या आजीने त्या दिवसांत घरातला तिरंगा ज्वारीच्या कणगीत लपवला होता, असा उल्लेख त्याच्या लेखात ओझरता आला आहे. हुतात्म्यांचा परिच्छेद त्याच्याच लेखात ठेवा, कणगीच्या हकिकतीला जोडून, आणि इतर पाच लेखांतून काढा. आणखी एक सुचवतो. पुण्याला जाणाऱ्या गाडीला आपण हुतात्मा एक्स्प्रेस हे नाव दिले आहे. तुमच्यापैकी पाच जणांची मुले पहाटेच्या अंधारात त्याच गाडीत बसून शिकायला गेली आणि परत राहायला आली नाहीत. सोलापूर स्थानकावर मुलाला सोडून रिकाम्या हाताने घरी येणे, हा तुमच्या पिढीचा सामायिक अनुभव आहे, तरी तो कोणीच लिहिलेला नाही. ‘तरुण पिढी गावाकडे पाठ फिरवते’ एवढेच दोन लेखांत आहे.

गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या, यात्रेविषयी लिहिणाऱ्या मित्राने ‘पूर्वीचा भक्तिभाव राहिला नाही’ असा निष्कर्ष काढला आहे. हाच मित्र तरुणपणी बाराबंदी हा पारंपरिक पांढरा पोशाख घालून नंदीध्वज पेलत असे. ती उंच, सजवलेली काठी कमरेवर तोलून मिरवणुकीच्या मार्गावर चालायची तर कित्येक आठवडे आधीपासून सराव करावा लागतो. कोणी शिकवले, पहिल्यांदा तोल गेला तेव्हा कोणी हात दिला, कधी थांबावे लागले आणि ती जागा कोणाला मिळाली, हे त्याने लिहावे. भक्तिभाव वाढला की घटला, हे वाचक ठरवील. संमती कट्ट्यावर यात्रेतल्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता सोहळ्यात कन्नडमधले संमतीवचन म्हटले जाते आणि मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे हजारो लोक ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ म्हणत अक्षता टाकतात. त्यांतल्या अनेकांना कन्नड येत नाही. शब्दार्थ न कळताही ते शब्द आपलेच का वाटतात, या प्रश्नावर तुमच्या मित्राने एक पान लिहिले, तर संस्कृतीविषयीच्या इतर सर्व लेखांपेक्षा ते मोलाचे ठरेल.

भाषेबाबत मी थोडे अधिक सांगतो, कारण सोलापुरात होणाऱ्या संपादनात सर्वांत जास्त नुकसान तिथे होते. तुमच्यापैकी दोघांच्या घरी तेलुगू बोलतात, एकाच्या घरी कन्नड आणि एकाच्या घरी दखनी. लेखांत मात्र सर्वांनी शाळेच्या निबंधाची मराठी वापरली आहे. लेखकाच्या निवेदनाची भाषा प्रमाण असायला माझी हरकत नाही. पण त्या निवेदनात बोलणारी माणसे जेव्हा बोलतात, तेव्हा ‘काय करूलालास बे’ याचे ‘काय करतो आहेस’ करू नये. आजी तेलुगूत रागावली असेल तर तिचे वाक्य तेलुगूतच, देवनागरीत लिहून ठेवावे आणि पुढच्याच वाक्यात त्याचा अर्थ सहजपणे यावा. घरची भाषा वेगळी असणे म्हणजे मराठीत उणे असणे, असा संकोच तुमच्या दोन मित्रांच्या मनात अजून आहे, असे त्यांच्या लेखांवरून जाणवते. त्यांना मारुती चितमपल्ली यांची आठवण करून द्या. सोलापुरात, तेलुगू बोलणाऱ्या घरात जन्मलेल्या या माणसाने वनाधिकारी म्हणून जंगलात आयुष्य घालवले आणि मराठीला पाखरांचे जग दिले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे नेमके शब्द दिले. २००६ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावात भरले तेव्हा अध्यक्षपदी तेच होते.

कलानिर्मितीवरचा लेख तुमच्या नाटकवाल्या मित्राचा आहे आणि सहांत तोच सर्वांत चांगला आहे, म्हणून त्याविषयी थोडक्यात. राज्य नाट्य स्पर्धेसाठी केलेल्या तालमींचे वर्णन त्याने इतके तपशीलवार केले आहे की हुतात्मा स्मृती मंदिरातल्या पडद्याची धूळसुद्धा नाकाला जाणवते. फक्त शेवटच्या दोन पानांत त्याने ‘मोबाइलने कला मारली’ असे लिहिले आहे आणि ते त्याच्याच हकिकतीशी विसंगत आहे, कारण त्याचा नातू मोबाइलवर त्याच्याकडूनच संवादफेक शिकतो, हे त्याने मला सांगितले आहे. नातवाचा प्रसंग लेखात घ्यावा आणि ते वाक्य गाळावे. मोबाइलविषयी आणखी एक गोष्ट. तुमच्या आठ जणांचा व्हॉट्सअॅपवरचा समूह बरीच वर्षे चालू आहे. २०२० च्या उन्हाळ्यात, घरात कोंडून घेतलेले असताना, तुम्ही एकमेकांना काय लिहिले ते जतन असेल तर त्यातली निवडक चार पाने पुस्तकात जशीच्या तशी घ्या. इतर सर्व मनोगते आठवणीतून लिहिलेली असतील, ही चार पाने त्या त्या दिवशी लिहिलेली आहेत.

आता तुमच्या मैत्रिणीविषयी. तुम्ही प्रश्नात तिचा उल्लेख शेवटी केला आहे, पण तुमच्या पुस्तकाचा तोल तिच्यावर अवलंबून आहे, असे माझे मत आहे. तिने आईबरोबर विड्या वळून महाविद्यालयाची फी भरली, असे तुम्ही लिहिता. सोलापुरात हजारो बायांनी मांडीवर सूप घेऊन घर चालवले आणि मुले शिकवली. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते, त्यामुळे आकडे या बायांच्या बोटांवर असतात. कोणत्या साली हजारी किती मिळत होते आणि त्यात घरातले काय येत होते, हे त्या अचूक सांगतात. तुमच्या मित्रांच्या लेखांत साल शोधायला मला कष्ट पडले, तिच्याकडे पडणार नाहीत. तिच्या आईला सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत स्वतःच्या नावाचे घर मिळाले, असेही तुम्ही कळवले आहे. ही दहा हजार घरांची वसाहत २००६ साली कामगार बायांच्या हाती आली. ज्या काळात तुमचा यंत्रमागवाला मित्र माग भंगारात काढत होता आणि बँकेतला मित्र स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरत होता, त्याच काळात एका विडी कामगार बाईच्या हातात घराची किल्ली पडली. ‘काळ वाईट आला’ असे सहा जण लिहीत असताना सातव्या घरात हे घडत होते.

तिला लिहायला सांगू नका. तिच्याकडे जाऊन बोला आणि तिच्या परवानगीने ध्वनिमुद्रण करा. फोनवरचे साधे मुद्रण पुरते. पंखा मात्र बंद ठेवावा आणि फोन तिच्याजवळ ठेवावा. दीड तासापेक्षा जास्त वेळ एका बैठकीत घेऊ नये. एका तासाचे बोलणे उतरवून काढायला मला आजही पाच ते सहा तास लागतात, तुम्हाला सुरुवातीला आठ लागतील, असे धरून चला. उतरवताना सगळे उतरवावे, चाचरणे आणि गप्प होणेसुद्धा नोंदवावे. गाळणी नंतर लावावी आणि गाळलेला मजकूर तिला वाचून दाखवावा. मधे प्रश्न कमीत कमी विचारावेत. ती थांबली की आपण भरीला काही बोलू नये, कारण माझा अनुभव असा की महत्त्वाचे वाक्य बहुधा त्या थांबण्यानंतर येते.

लांबीबाबत: प्रत्येकी अडीच हजार शब्दांची मर्यादा घाला. डेमी आकाराच्या पानावर सुमारे तीनशे शब्द बसतात, म्हणजे आठ मनोगते, छायाचित्रे आणि व्हॉट्सअॅपची पाने धरून सोळा पानांच्या सहा फॉर्ममध्ये, छ्याण्णव पानांत, पुस्तक उरकेल. छायाचित्राखाली साल, जागा आणि डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे हवीतच. ‘जुने दिवस’ अशी ओळ छापू नये. पुस्तकाची एक प्रत हिराचंद नेमचंद वाचनालयात आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्या. मूळ हस्तलिखिते आणि ध्वनिमुद्रणे दोन निरनिराळ्या घरी ठेवा.

कामाचा क्रम बदला, एवढी एक विनंती आहे. आलेल्या सहा लेखांच्या दुरुस्त्या आता हाती घेऊ नका. आधी कुंभारीला जा. आई अजून बोलू शकते, असे तुम्ही लिहिले आहे, तर मायलेकींना एकत्र बसवा आणि बरोबर अबोला धरलेल्या त्या दोघा मित्रांना न्या. एकाने फोन सांभाळावा, दुसऱ्याने वहीत साले टिपावीत. सकाळी दहाच्या सुमारास गेलात तर घरातली कामे उरकलेली असतील आणि म्हातारीचा आवाज ताजा असेल.